गाडी तापली म्हणजे इंजिन गेले असे नव्हे

गेल्या महिन्यातील गोष्ट आहे. रविवारी सकाळी नायगावातलाच एक तरुण माझ्या घरी आला. शिधापत्रिका, शाळेचा दाखला, भविष्यनिर्वाह निधी असल्या कामांचे अर्ज लिहून घ्यायला माणसे येतात, तसाच हाही आला असेल असे वाटले. पण त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती आणि त्याला अर्ज नको होता. "गाडी माझ्याच्याने दुरुस्त होत नाही, असं लिहून द्यायचंय," तो म्हणाला. "आणि घेतलेले पैसे दोन हप्त्यांत परत करीन, असंही लिहा."

मुलगा आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स पास झालेला. काही दिवस एका मोठ्या गॅरेजात काढून आता वडाळ्याच्या बाजूला ताडपत्रीखाली स्वतःचे काम मांडून बसला आहे. माटुंग्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी त्याच्याकडे आणून दिली. तक्रार एकच, गाडी तापते. त्याआधी ती दोन ठिकाणी फिरून आली होती. एका ठिकाणी इंजिन खोलून बोअर करावे लागेल असे सांगून पाच आकडी रकमेचा अंदाज लिहून दिला होता. याने फॅन बेल्ट बदलला, पाणी भरले आणि गाडी परत दिली. आठ दिवसांत ती दादर टीटीच्या खोदादाद सर्कलला भर दुपारी उकळली. फोन आल्याबरोबर हा धावत गेला आणि मालकासमोर आपली तत्परता दिसावी म्हणून बॉनेट उघडून सरळ रेडिएटरचे झाकण फिरवले. पुढे काय झाले ते हाताची पट्टी सांगत होती. मालक म्हणाले, पैसे परत कर, मी गाडी भंगारात घालतो.

वाचकहो, त्या मुलाचे दुःख हाताचे नव्हते. नुकता धंदा मांडलेल्या माणसाची पत एका कामाने बनते आणि एका कामाने जाते.

मला गाडीतले काही कळत नाही, मी कारकून माणूस. पण जमाखर्च जुळला नाही म्हणून अख्खी वही कोणी फाडत नाही, एवढे मला कळते. आधी बेरीज पुन्हा करायची, मग आकडा पुढच्या पानावर नेताना चुकला का ते पाहायचे, मग पावत्या काढायच्या. मी त्याला म्हटले, पत्र लिहायला पाच मिनिटे लागतात, आधी तात्यांकडे चल.

तात्या म्हणजे आमच्या ओळखीचे जुने टॅक्सी ड्रायव्हर. तीस वर्षे त्यांनी काळी-पिवळी चालवली, आधी शेठची आणि मग स्वतःची. नायगावच्या बीडीडी चाळींच्या आवारात पहाटे टॅक्सीचे बॉनेट उघडून तांब्या-तांब्याने पाणी ओतणारी माणसे आमच्या पिढीने पाहिली आहेत, त्यांतले ते एक. त्यांची गाडीही फियाटच. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ही गाडी बनू लागली. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले, पण ड्रायव्हरांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. आता ज्या दिसतात त्या खासगी मालकांनी जपलेल्या. म्हणजे गाड्या थोड्या तरी उरल्या, पण त्यांची नाडी ओळखणारे हात निवृत्त झाले. आजच्या मुलांना गाडीला यंत्र जोडून दोष वाचायची सवय आहे, आणि या गाडीला ते यंत्र जोडायला जागाच नाही.

तात्यांनी आधी मुलाचा हात पाहिला आणि त्याला झापले. "घरात आई कुकर उतरवते तेव्हा शिट्टी जायच्या आधी झाकण उघडते का?"

हे उदाहरण सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण स्प्रिंगने दाब धरून ठेवते, आणि दाब वाढला की पाणी उकळायला जास्त उष्णता लागते. सात पौंडांच्या झाकणाखाली ते ११० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. आता गरम असतानाच झाकण उघडले तर दाब एका क्षणात जातो, आणि जे पाणी आतापर्यंत गप्प होते त्याची त्याच क्षणी वाफ होऊन ते अंगावर उसळते. तापलेली गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा होज पाइप हाताला कोमट लागला म्हणजे मग जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी, आणि नंतरच काढावे. तोंड लांब ठेवावे. गार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम ओतू नये. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अॅल्युमिनियमचे आहे. दोन धातू तापले-निवले की सारखे फुगत-आकसत नाहीत, त्यात गार पाण्याचा धक्का बसला तर हेड वाकते किंवा तडकते. गाडी तापली एवढ्याने जे नुकसान झाले नसते ते घाईने ओतलेल्या बादलीने होते.

आणि कोणी भाजलेच, तर वाहत्या साध्या नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटे तो भाग धरावा. बांगडी, अंगठी, घड्याळ लगेच काढावे, नंतर सूज येते. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कापड सैलसर गुंडाळून रुग्णालय गाठावे. या मुलाच्या हातावर कोणीतरी रस्त्यातच टूथपेस्ट थापली होती, ती खरवडून काढताना त्याला जास्त त्रास झाला.

मग तात्यांनी एकच प्रश्न विचारला. "तापते कधी?"

मुलगा गोंधळला. तापते म्हणजे तापते. पण तात्यांचे म्हणणे असे की, निम्मे उत्तर याच प्रश्नात आहे. सिग्नलला, गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर खाली येतो, असे असेल तर दोष वाऱ्याचा. उभ्या गाडीला वारा फक्त पंखा देतो. तेव्हा बेल्ट ढिला आहे का, पंख्याचे पाते तुटले आहे का, रेडिएटरच्या जाळीत चिखल, किडे, पिसे भरली आहेत का, एवढेच पाहायचे. उलट उभी असताना ठीक, पण वेगाला किंवा चढावाला लागली की तापते, असे असेल तर दोष पाण्याच्या वाहण्याचा, नाहीतर जळणाचा. आणि रोज पाणी कमी होत असेल, पण खाली थेंब दिसत नसेल, तर मग मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ते मोकळे असताना, आम्ही तिघे त्या गाडीत बसलो. आधी वीस मिनिटे ती नुसती चालू ठेवली. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. मग वडाळ्याहून शिवडीच्या बाजूला नेली. मोकळ्या रस्त्यावर, जिथे वारा भरपूर, तिथेच काटा चढू लागला. तात्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली. "पंखा नाही, बेल्ट नाही. पाणी फिरत नाहीये," ते म्हणाले. म्हणजे मुलाने बेल्ट बदलला हे काम चुकीचे नव्हते, पण ते दुखणे नव्हतेच. दादर टीटीला गाडी उकळली हेही दिशाभूल करणारे होते. मालक सायनच्या बाजूने वेगात आले होते आणि गर्दीत अडकण्याआधीच पाणी तापलेले होते.

गाडी निवल्यावर तपासणी सुरू झाली. तात्यांचा क्रम असा, की ज्याला पैसा लागत नाही ते आधी. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळे होते, पण स्वच्छ होते. गॅस्केट गेले असते तर पाणी तेलात मिसळून ते दुधाच्या चहासारखे दिसते. मग गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली आणि पाण्यात पाहिले. जळलेला वायू पाण्यात शिरत असेल तर बुडबुडे सारखे येत राहतात, थांबत नाहीत. इथे सुरुवातीला चार-दोन आले आणि बंद झाले. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. इतके पाहिल्यावर तात्या म्हणाले, "इंजिन बोअर करायला सांगितलं ते कशावरून?" याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हते. कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही, न पाहताच सांगितले असेल.

पंखा हाताने हलवून पाहिला. पद्मिनीत पंखा वॉटर पंपाच्या दांड्यावरच बसतो. तो पुढे-मागे डुगडुगत असेल, किंवा पंपाखालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकत असेल, तर पंप गेला समजावे. तो शाबूत होता. बेल्ट अंगठ्याने दाबला तर साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे, तेवढा दबला. हाच बेल्ट डायनॅमोही फिरवतो. तेव्हा चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि मागोमाग काटा चढला तर बेल्ट तुटला असे खुशाल समजावे आणि एक पाऊलही पुढे जाऊ नये. (नव्या गाड्यांना विजेचा पंखा असतो, तो चावी काढल्यावरही एकाएकी फिरू शकतो. तिथे हात घालताना वायर काढूनच घालावा.)

मग मुलाला खरा धडा मिळाला. गाडी पुन्हा गरम केली, बंद केली, आणि तात्यांनी त्याचा डावा हात रेडिएटरच्या जाळीसमोर, न टेकवता, वरून खाली फिरवला. वर धग लागत होती. खाली कोपऱ्यात आल्यावर मुलगा म्हणाला, "इथे गार आहे." रेडिएटर खाली गार असणे चांगले, असे आपल्याला वाटेल. पण धग हळूहळू कमी व्हायला हवी. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही असा त्याचा अर्थ. निम्मा रेडिएटर नुसता शोभेला होता. हे तपासायला बंदुकीसारखे तापमापक यंत्र बाजारात मिळते. मात्र कोरोनाच्या काळात कपाळाला लावायचे घेतलेले इथे चालत नाही, ते तापाच्या पलीकडचे आकडे दाखवतच नाही. ते आम्ही करून पाहिले आणि तात्या हसले.

रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने डाग सोडवून वरची टाकी उघडली तेव्हा आत गंज होताच, पण त्याहून जास्त एक करडा लगदा नळ्यांच्या तोंडाशी घट्ट बसला होता. तो गळती बंद करायच्या पुडीचा होता. मग मालकांना फोन लावून सगळा इतिहास विचारला. दोन वर्षांपूर्वी गाडीतून थोडे पाणी गळत होते. कोणीतरी पूड टाकून दिली. गळती थांबली. काही महिन्यांनी गाडी तापू लागली. मग दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. थोडा फरक पडला. पुन्हा तापू लागली, तेव्हा इंजिन बोअर करण्याचा सल्ला मिळाला. आणि मुळात पाणी गळत होते कुठून? वरच्या होजची क्लिप ढिली झाली होती. चार वळसे स्क्रूड्रायव्हर फिरवायचे काम. पुडीचा खडा अजून त्या क्लिपच्या कडेला चिकटलेला होता.

वाचकहो, मी हे लिहीत आहे ते याच साखळीसाठी. प्रत्येकाने गाडीला थोडा आराम दिला आणि प्रत्येकाने पुढच्यासाठी दुखणे वाढवून ठेवले. त्यात कोणीही "का?" असे विचारले नाही.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे तो काढून फेकण्याची रीतच पडली आहे. तात्यांनीही आपल्या टॅक्सीतला काढला होता, हे त्यांनी कबूल केले. हा इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा असतो. इंजिन थंड असताना बंद राहतो, म्हणजे ते लवकर गरम होते, आणि पाणी ८० अंशांच्या वर गेले की उघडतो. तो बंदच अडकला तर गाडी तापते हे खरे. म्हणून तो नवा घालावा. नुसता काढला तर इंजिन नीट गरम व्हायला उशीर लागतो, पेट्रोल जास्त जाते, सिलिंडरची झीज वाढते, आणि मुख्य म्हणजे खरा दोष झाकला जातो. तपासायचा असेल तर घरात तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने मधोमध टांगावा, बुडाला टेकू देऊ नये, आणि पाणी गरम करावे. उकळायच्या बऱ्याच आधी तो उघडताना डोळ्यांना दिसतो. उकळले तरी उघडला नाही तर बाद. ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, एवढे भगिनींनी घरातल्या मेकॅनिकला बजावावे.

नळ्यांतून सळई फिरवून रेडिएटर साफ झाला. इंजिनाच्या ब्लॉकमधलेही पाणी सोडले. आधी तांबडे आले, मग पिवळट, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ. नुसते रेडिएटरचे पाणी बदलून ब्लॉकमधला गंज तसाच ठेवला तर तो महिन्याभरात पुन्हा नळ्यांत येऊन बसतो. नंतर आत काय भरायचे यावर तात्यांचा आणि मुलाचा वाद झाला. तात्यांची सगळी हयात नळाच्या पाण्यावर गेलेली. मुलगा म्हणाला, कूलंट. इथे मुलाचे बरोबर होते आणि तात्यांनी ते मानले. बीड, अॅल्युमिनियम, तांबे आणि पितळ एकाच साध्या पाण्यात राहिले की एक धातू दुसऱ्याला खातो. कूलंटमध्ये गंजाला अडवणारी द्रव्ये असतात. तो बाटलीवर लिहिल्याप्रमाणे डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावा, निव्वळ भरू नये. बोअरचे किंवा टँकरचे खारे पाणी तर कधीच नको, त्याने किटलीत बसते तसे चुन्याचे कीट बसते. एक गोष्ट मात्र जपायची. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी आहे. पेप्सीच्या बाटलीत ओतून चाळीच्या कोपऱ्यात ठेवू नये, लहान मुले आणि कुत्री दोन्ही त्याला फसतात.

वितरकाचे टायमिंगही तात्यांनी पाहिले. ठिणगी उशिरा पडली तर जळणाची उष्णता कामाला न लागता इंजिनात मुरते आणि गाडी तापते. पॉइंट झिजले की हे होते. ते थोडे मागे होते, जागेवर आणले. एवढा सगळा खर्च, रेडिएटरवाल्याची मजुरी, नवा थर्मोस्टॅट, झाकण, क्लिपा आणि कूलंट धरून, इंजिन बोअर करण्याच्या अंदाजाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत बसला. बेरीज मी स्वतः केली.

शनिवारी दुपारी मालकांना गाडीत बसवून हिंदमाताच्या गर्दीतून परळ टीटीपर्यंत नेले आणि परत आणले. चाळीस मिनिटांत काटा मध्यावरून हलला नाही. मग मोकळ्या रस्त्याला नेली, तरी नाही. मालक फारसे बोलले नाहीत. त्यांनी मुलाला उरलेले पैसे दिले आणि शेजारच्या इमारतीत आणखी एक फियाट उभी आहे, तिचे ब्रेक पाहशील का, असे विचारले. कबुलीपत्राचा कागद माझ्या खणात तसाच कोरा आहे.

तात्यांनी मुलाला एक वही करायला लावली आहे. गाडीचा नंबर, कधी तापते, आधी कोणी काय केले, आपण काय पाहिले आणि काय सापडले. माटुंग्याच्या पद्मिनीच्या पानावर शेवटची ओळ अजून उघडी आहे. खालचा होज जुनाच आहे. आतली स्प्रिंग गंजली असेल तर इंजिनाचा वेग वाढला की तो होज आतून ओढला जाऊन चपटा होतो आणि पाणी अडते. मालक म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. तात्यांना ते पटलेले नाही, आणि मुलगा दर रविवारी फोन करतो आहे.